डागाला मलम लावण्याआधी: त्वचेचा उतरलेला आणि चढलेला रंग कसा ओळखायचा

त्वचेवर फिकट डाग दिसला की घरातली चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एकजण म्हणतो, कॅल्शियम कमी असेल, नाहीतर जंत झाले असतील. दुसरा काही बोलत नाही, पण त्याच्या मनात कोडाची शंका आलेली असते. मग कपाटात पडलेली कुठलीतरी ट्यूब निघते आणि डागावर चोळणं सुरू होतं. माझा खरा आक्षेप या ट्यूबवर आहे. पंधरा दिवस भलतंच मलम लावून डॉक्टरांकडे गेलं की डागावरचे खवले गेलेले असतात, कड बदललेली असते, आणि अनुभवी डॉक्टरांनाही अंदाज बांधणं अवघड होऊन बसतं.

फिकट डागांची कारणं डझनभर तरी आहेत. बहुतेक निरुपद्रवी. दोन-तीन मात्र अशी, की वेळ दवडला तर झालेलं नुकसान भरून निघत नाही. डाग बघायचा कसा, काय दिसलं तर थांबायचं आणि काय दिसलं तर लगेच निघायचं, ते पायरीपायरीने सांगतो. शेवटचं निदान डॉक्टरांचंच.

रंग बनतो कुठे, अडतो कुठे

त्वचेच्या बाहेरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. प्रत्येक रंगपेशीला लांब फांद्या असतात आणि त्यांतून ती आसपासच्या साधारण ३० ते ४० पेशींना मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण पुरवते. गोऱ्या आणि काळ्यासावळ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो कण किती बनतात, केवढे असतात आणि किती काळ टिकतात यात.

यातलं नेमकं काय बिघडलं, त्यावर डागाचं पुढे काय होणार ते ठरतं. रंगपेशी जिवंत आहेत पण काम मंदावलंय, किंवा सुजेमुळे कण पुढे पोहोचत नाहीत, अशा वेळी डाग फिकट दिसतो, पांढराफटक नाही. कारण दूर झालं की असे डाग बहुधा आपोआप भरतात. रंगपेशीच नष्ट झाल्या तर डाग खडूसारखा पांढरा होतो आणि तिथे रंग परत यायला बहुतेकदा उपचारांची मदत लागते. तिसरा प्रकार क्वचित दिसतो: मेलॅनिन ठीक असतं, पण त्या जागच्या रक्तवाहिन्या जन्मापासून आकसलेल्या राहतात. हा ओळखायला सोपा. डाग आणि भोवतालची त्वचा तळहाताने जरा जोरात चोळा. भोवतालची त्वचा लालसर होते, डाग तसाच फिकट राहतो. त्याला काही करावं लागत नाही.

हा बाहेरचा थर तळापासून वरपर्यंत बदलायला चार ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत डाग घालवून देतो म्हणणारी जाहिरात त्वचेच्या या गणितात बसतच नाही.

पायरी १: उजेडात बघा आणि फोटो काढा

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ उभं राहून बघा. थेट उन्हात किंवा पिवळ्या दिव्याखाली फिकटपणाचा अंदाज चुकतो. दिसलेल्या डागावर थांबू नका. पाठ, काखा, तळवे, बोटांच्या बेचक्या, ओठ, नखं, डोक्याची त्वचा आणि जननेंद्रियं, सगळं एकदा तपासा. पाठीसाठी घरातल्या कुणाचीतरी मदत घ्या.

फोटो काढताना डागाशेजारी मोजपट्टी धरा. अंतर आणि उजेड दर वेळी तोच ठेवा, फ्लॅश बंद ठेवा. फोनमधला त्वचा गुळगुळीत करणारा पर्याय आठवणीने बंद करा. अनेक फोनमध्ये तो न सांगता चालू असतो आणि नेमका डागच पुसून टाकतो. महिन्यातून एक फोटो पुरे. रोज काढलेल्या फोटोंतून काळजीशिवाय काही हाती लागत नाही.

सोबत टिपून ठेवा: डाग पहिल्यांदा कधी दिसला, त्याआधी तिथे खरचटलं, भाजलं, पुरळ किंवा इसब होता का, नवं औषध, नवं प्रसाधन, घड्याळाचा पट्टा, चपलेचा रबरी अंगठा असं काही आलं का, आणि घरात कुणाला कोड किंवा थायरॉइडचा त्रास आहे का.

पायरी २: फिकट की शुभ्र?

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. डागात मूळ रंगाची छटा उरली आहे की तो दुधासारखा पांढरा आहे? सावळ्या त्वचेवर हे डोळ्यांना कळतं. गोऱ्या त्वचेवर कळत नाही, आणि मग वूड्स लॅम्प लागतो. रॉबर्ट विल्यम्स वूड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये बनवलेल्या काचेवर हा दिवा आधारलेला आहे. तो साधारण ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देतो. अंधाऱ्या खोलीत कोडाचा डाग या प्रकाशाखाली निळसर-पांढरा चमकतो, रंग थोडा शिल्लक असलेला डाग तसा चमकत नाही. ऑनलाइन मिळणारे जांभळे दिवे घेऊन हा प्रयोग घरी करू नये असं मला वाटतं. कपड्याचा धागा, साबणाचा अंश, आधी लावलेलं मलम, हे सगळंही त्याखाली चमकतं आणि नसता घोर लागतो.

पायरी ३: खवले निघतात का?

डागाच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून त्वचा हलकेच ताणा, किंवा नखाच्या पाठीने डागावरून एक रेघ ओढा. पिठासारखा बारीक कोंडा उठला आणि डाग छाती, पाठ, मान किंवा दंडावर असतील, तर बहुधा ती शिबं आहेत. ताणण्याआधी गुळगुळीत दिसणाऱ्या डागावर ताणल्याबरोबर बारीक भेगाळलेली पापुद्र्यांची जाळी उमटते. एकदा बघितली की ती लक्षात राहते.

शिबं मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीमुळे, होतात. हे यीस्ट जवळपास प्रत्येकाच्या त्वचेवर असतंच. घाम, तेलकटपणा आणि दमट उष्णता मिळाली की त्याची वाढ बेसुमार होते. म्हणून शिबं एकापासून दुसऱ्याला लागत नाहीत आणि अस्वच्छतेशीही त्यांचा संबंध नाही. यीस्टमधून निघणारी काही आम्लं रंगपेशींमधल्या टायरोसिनेज या मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, म्हणून डाग फिकट होतो. काहींच्या अंगावर तीच शिबं तपकिरी किंवा गुलाबीसर दिसतात. डॉक्टर खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आखूड दांड्या आणि गोल पेशींचे घोस एकत्र दिसले की शंका उरत नाही.

उपचार सोपा आहे, लोक तो अर्धवट करतात. २ टक्के किटोकोनॅझोल किंवा २.५ टक्के सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू दिसणाऱ्या डागांपुरता न लावता मानेपासून कमरेपर्यंत आणि दंडांवर लावायचा, पाच-दहा मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. असं पाच ते सात दिवस. डाग फार पसरलेले असतील तर डॉक्टर गोळ्या देतात. किटोकोनॅझोलची गोळी मात्र यासाठी घेऊ नये: यकृताला होणाऱ्या इजेमुळे २०१३ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या औषध नियामकांनी तिच्या वापराविरुद्ध पाऊल उचललं. शाम्पू आणि मलमाला हा धोका लागू नाही.

आता खरी गोची. यीस्ट आठवड्यात मरतं, रंग यायला मात्र कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. या मधल्या काळात डाग दिसत राहतो, माणूस म्हणतो औषध लागू पडलं नाही, आणि दुसऱ्या, तिसऱ्या डॉक्टरकडून बुरशीवरच्या गोळ्यांचा नवा कोर्स घेतो. बरं झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका, कोंड्यावरून ठरवा. ताणल्यावर कोंडा उठत नसेल तर यीस्ट गेलेलं आहे. उरलेलं काम त्वचा आपल्या गतीने करते. रोग जाणं आणि रंग येणं यांची तारीख वेगळी असते, आणि हे जवळजवळ प्रत्येक रंगदोषाला लागू आहे. दरवर्षी उन्हाळ्यात शिबं परत येत असतील तर त्या दिवसांत महिन्यातून एक-दोनदा हाच शाम्पू अंगाला लावला तरी पुष्कळ आटोक्यात राहतात.

शिबांसारखाच दिसणारा, पण खवले अजिबात नसलेला एक प्रकार तरुण मुलामुलींच्या पोटावर आणि पाठीवर दिसतो. फिकट गोल डाग मधल्या रेषेकडे एकमेकांत मिसळत जातात. त्याचा संबंध मुरुमांमधल्या जिवाणूशी लावला जातो. बुरशीची औषधं त्यावर वाया जातात. दोनदा शाम्पू वापरूनही ढिम्म फरक नसेल तर हे नाव डॉक्टरांसमोर काढा: प्रोग्रेसिव्ह मॅक्युलर हायपोमेलॅनोसिस.

लहान मुलांच्या गालांवरचे फिकट डाग ही वेगळीच गोष्ट. साधारण ३ ते १६ वर्षांच्या मुलांत, गालांवर, कधी दंडांवर, पुसट कडेचे, किंचित खरखरीत गोल. पिटिरियासिस अल्बा हे त्याचं नाव. तो इसबाचाच अगदी सौम्य भाऊ. जंतांशी त्याचा संबंध नाही, कॅल्शियमशी नाही. उन्हात खेळून भोवतालची त्वचा रापते आणि डाग जास्त उठून दिसतात, म्हणून सुट्टीनंतर पालकांचं लक्ष जातं. सौम्य साबण, दिवसातून दोनदा साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढं पुरतं. लाली किंवा खाज असेल तर डॉक्टर थोडे दिवस हायड्रोकॉर्टिसोनचं सौम्य स्टेरॉइड मलम देतात. हे डाग काही महिने रेंगाळतात, कधी वर्षाहून जास्त, आणि मग जातात. मुलाला जंताचं औषध दिल्यानंतर ते गेले तर तो योगायोग समजावा.

पायरी ४: स्पर्श कळतो का?

ही तपासणी वगळू नका, डाग कितीही किरकोळ वाटला तरी.

कापसाचं टोक ओढून बारीक वात करा. आधी डोळे उघडे ठेवून, चांगल्या त्वचेवर टेकवून दाखवा की काय करणार आहात. मग डोळे मिटायला सांगा. कधी चांगल्या त्वचेवर, कधी डागाच्या मधोमध वात फक्त टेकवा, घासू नका, आणि जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगा. अधूनमधून मुद्दाम टेकवूच नका, म्हणजे समोरचा अंदाजाने बोट ठेवतोय का ते कळतं. सुई वापरायची नाही. डागावरचा स्पर्श वारंवार निसटत असेल, तिथे घाम येत नसेल, लव झडली असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. हातापायांना मुंग्या, बोटांत अशक्तपणा, कोपराजवळ जाड झालेली दुखरी नस, हेही त्याच दिशेने बोट दाखवतात.

दोन खुलासे हवेत. कुष्ठरोगाचा डाग फिकट किंवा लालसर असतो, दुधासारखा शुभ्र नसतो. शुभ्र डागांचा, म्हणजे कोडाचा, या रोगाशी काडीचा संबंध नाही. दुसरं, चेहऱ्यावर मज्जातंतूंचं जाळं दाट असल्यामुळे तिथल्या डागावर स्पर्श शाबूत असू शकतो, आणि अगदी सुरुवातीच्या डागातही असू शकतो. त्यामुळे स्पर्श कळतोय म्हणून पूर्ण निश्चिंत होऊ नये.

नॉर्वेच्या गेरहार्ड हॅन्सनला १८७३ मध्ये या रोगाचा जिवाणू दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ पासून अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला, आणि १९९५ पासून ही औषधं जगभर मोफत दिली जातात. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन, सौम्य प्रकारात ६ महिने, जास्त पसरलेल्या प्रकारात १२ महिने. उपचार सुरू झाल्यावर लवकरच रुग्णापासून संसर्ग थांबतो, आणि बहुसंख्य माणसांत या जिवाणूविरुद्ध मुळातच प्रतिकारशक्ती असते. घाबरण्यासारखं एकच आहे: उशीर. एकदा मेलेली नस औषधाने परत येत नाही. क्लोफॅझिमिनने उपचारकाळात त्वचा काळपट होते. ती औषध थांबवल्यावर हळूहळू निवळते, त्यासाठी कोर्स अर्धवट सोडू नका.

पायरी ५: डाग शुभ्र असेल तर

शुभ्र, स्पष्ट कडेचा, खवले नसलेला, स्पर्श पूर्ण शाबूत असलेला डाग म्हणजे बहुतेकदा कोड. जगात ०.५ ते २ टक्के लोकांना तो असतो आणि जवळपास निम्म्यांत विशीच्या आत सुरू होतो. शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी रंगपेशींवर हल्ला करतात. तो लागट नाही. अमुक एक पदार्थ खाल्ल्याने होत नाही आणि पथ्याने जातही नाही.

डोळ्यांभोवती, तोंडाभोवती, बोटांच्या टोकांवर, कोपर-गुडघ्यांवर, दोन्ही बाजूंना सारखे डाग येतात तो नेहमीचा प्रकार. शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखा, बहुधा लहान वयात येणारा प्रकार वेगळा: तो सुरुवातीला भराभर वाढतो आणि मग साधारण स्थिरावतो. हा फरक डॉक्टरांना विचारून घ्या, कारण उपचार त्यावरून बदलतात.

कोड वाढता आहे की थांबलेला, हे ओळखायच्या खुणा आहेत. डागाच्या कडेला रांगोळी सांडल्यासारखे असंख्य बारीक ठिपके, शुभ्र आणि निरोगी त्वचेच्या मध्ये तिसऱ्याच छटेची किनार, खरचटलेल्या किंवा पट्टा घासणाऱ्या जागी नवा डाग उगवणं. यांपैकी काही दिसलं तर महिनाभर वाट बघू नका. वाढ थांबवण्यासाठी डॉक्टर काही काळ तोंडाने औषध देतात आणि ते वेळेवर मिळालं तर पुष्कळ रंग वाचतो. थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या. कोड असलेल्यांत त्याचे विकार जास्त आढळतात.

रंग परत कसा येतो ते समजलं की उपचारांचं बरंच कोडं सुटतं. केसांच्या मुळांशी रंगपेशींचा राखीव साठा असतो. उपचार लागू पडू लागले की डागात प्रत्येक केसाच्या मुळाभोवती टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका उमटतो, ठिपके मोठे होतात आणि एकमेकांना भिडतात. भिंगातून बघितलं तर ते आधीच दिसतात. आता ओठ, बोटांची टोकं आणि तळवे बघा: तिथे केसच नाहीत, म्हणून तिथे रंग फार चिवटपणे रुसून बसतो. डागावरचे केसही पांढरे झाले असतील तर साठा संपत आल्याची ती खूण. चेहरा आणि मान मात्र उपचारांना चांगली साथ देतात. कुठलाही डाग नक्की जाईल अशी हमी देणाऱ्याला आधी डाग कुठल्या जागेवर आहे ते विचारा.

उपचारांत स्टेरॉइड मलम असतं, ठरावीक मुदतीसाठी. चेहऱ्यावर आणि घडीच्या जागी टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम. जास्त पसरलेल्या कोडाला ३११ नॅनोमीटरची नॅरोबँड फोटोथेरपी, म्हणजे अतिनील किरणांचा उपचार, आठवड्यातून दोन-तीनदा. तीन महिन्यांच्या आत तिचा निकाल लावू नये, सहा महिने लागू शकतात. जुलै २०२२ मध्ये अमेरिकी नियामकाने १२ वर्षांवरील रुग्णांत नेहमीच्या प्रकारच्या कोडासाठी १.५ टक्के रक्सोलिटिनिबच्या मलमाला मान्यता दिली. डाग वर्षभर तसूभर वाढलेला नसेल तर त्वचारोपण किंवा रंगपेशींचं रोपण होऊ शकतं. वाढत्या कोडात शस्त्रक्रिया केली तर जखमेच्याच जागी नवा डाग यायचा.

शुभ्र दिसणारं सगळं कोड नसतं. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या एका कातडी कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर शुभ्र डाग उठले, आणि कारण निघालं त्यांच्या रबरी हातमोज्यांतलं मोनोबेंझोन हे रसायन. २०१३ मध्ये जपानमध्ये त्वचा उजळवणाऱ्या प्रसाधनांतल्या रोडोडेंड्रॉल या घटकाने हजारो लोकांच्या चेहऱ्यामानेवर असेच डाग पडले. चिकटवणारे गोंद, रबर, काही जंतुनाशकं यांतले फिनॉल वर्गातले पदार्थ रंगपेशींना मारतात. डागाचा आकार पट्ट्याशी, चपलेशी किंवा मोज्याशी जुळत असेल तर ती वस्तू आधी बंद करा.

तिळाभोवती पांढरं कडं पडणं किशोरवयात सहसा निरुपद्रवी असतं. चाळिशीनंतर नव्याने पडलं तर सगळ्या अंगावरचे तीळ दाखवून घ्या. जननेंद्रियांजवळ पांढरी, पातळ, कागदासारखी सुरकुतलेली आणि भयंकर खाजणारी त्वचा म्हणजे लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचाविकार असू शकतो. लाजेपायी लोक हा वर्षानुवर्षं अंगावर काढतात, आणि उपचार न केल्यास त्यात कर्करोगाचा धोका असतो.

पायरी ६: वयाचा हिशेब

जन्मापासूनचा किंवा पहिल्या काही महिन्यांत दिसलेला, मुलाबरोबर प्रमाणात मोठा होणारा एखाददुसरा फिकट डाग म्हणजे जन्मखूण, सोडून द्या. पण किमान ५ मिलिमीटरचे असे तीन किंवा जास्त डाग असतील, त्यातून बाळाला झटके येत असतील किंवा वाढ मागे पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ दोघांना दाखवा. ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक विकाराची ती पहिली दृश्य खूण असू शकते.

चाळिशीनंतर नडग्यांवर आणि हातांवर २ ते ६ मिलिमीटरचे, थेंब उडाल्यासारखे गुळगुळीत पांढरे ठिपके येतात. वय आणि ऊन, एवढंच. ते एकत्र होऊन पसरत नाहीत. कोड समजून यांच्यावर उपचार घेणारे पुष्कळ दिसतात.

आणखी एक: नितंब, मांड्या किंवा कमरेभोवतीचे फिकट डाग वर्षभर जागचे हलत नसतील, मलमांना दाद देत नसतील, तर बायोप्सीला नाही म्हणू नका. त्वचेच्या लिम्फोमाचा, म्हणजे एका कर्करोगाचा, संथ प्रकार असाच दिसतो.

रंग गडद झाला असेल तर

इथे पहिला प्रश्न: तिथे आधी काय झालं होतं? मुरूम, पुरळ, भाजणं, चिरडणं, वॅक्सिंग, काहीही. दाहानंतरचा काळेपणा सावळ्या त्वचेत अगदी नेहमीचा, आणि मूळ दाह थांबल्याशिवाय तो हटत नाही. मुरूम चालू असताना डाग उजळवणारी क्रीम लावत राहणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी भरणं. घासणीने अंग खसखसून घासणाऱ्यांच्या खांद्यांवर आणि पाठीवर लाटांसारखी काळपट नक्षी उमटते. तिथे औषधाच्या आधी घासणी फेकायची. लिंबाचा रस त्वचेवर सांडून वर ऊन लागलं तर फोड येऊन ओघळांच्या आकाराचे काळे पट्टे पडतात. डाग घालवायला लिंबू चोळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

वांग गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना सारखा येतो. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिकता आणि ऊन ही त्याची नेहमीची कारणं. वांग वाढवण्यात अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा उजेडही सामील असतो, म्हणून साध्या सनस्क्रीनपेक्षा आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन इथे सरस ठरतं. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर असताना दर दोन तासांनी. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत.

एकाच ठरावीक जागी पुनःपुन्हा उठणारा, आधी लाल मग जांभळट-काळा होणारा गोल डाग औषधाच्या अॅलर्जीचा असतो. वेदनाशामक किंवा प्रतिजैविकाची गोळी घेतल्यावर काही तासांत तोच डाग पेटतो. गोळीचं नाव शोधा, लिहून ठेवा, प्रत्येक डॉक्टरला सांगा.

मानेवर आणि काखेत मखमलीसारखी जाडसर काळी त्वचा दिसली तर साखरेची तपासणी करा. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण आहे आणि घासून ती जात नाही. सगळं अंगच काळवंडत चाललंय, तळहाताच्या रेषा आणि हिरड्याही, त्यात थकवा, वजन घटणं, चक्कर असेल तर मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींची तपासणी लागते. थॉमस अॅडिसनने १८५५ मध्ये नोंदवलेला हा आजार वेळेत न कळल्यास जिवावर बेततो. मुलाच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे, ५ मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त डाग असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकारासाठी तपासणी हवी.

तीळ किंवा काळा डाग वेडावाकडा वाढतोय, एकाच डागात दोन-तीन रंग दिसतायत, ६ मिलिमीटरच्या वर गेलाय, रक्त येतंय, अशा वेळी थांबू नका. सावळ्या त्वचेला मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, होत नाही हा समज घातक आहे. होतो, आणि तो तळपाय, तळहात आणि नखाखाली लपतो. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी गेला तो पायाच्या अंगठ्यापासून सुरू झालेल्या मेलॅनोमानेच. एकाच नखात उभी काळी रेघ रुंदावत असेल आणि काळेपणा नखाशेजारच्या कातडीवर उतरला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांची पहिली मिळेल ती वेळ घ्या.

काय लावू नये

स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब तर अजिबात नको. पहिल्या आठवड्यात आराम पडतो, म्हणून विश्वास बसतो. मग त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, गजकर्ण असेल तर रूप बदलून पसरतं, आणि जोरदार स्टेरॉइडने स्वतःचाच एक फिकट डाग पडतो. चेहरा उजळवण्यासाठी महिनोन्महिने असं क्रीम लावलेल्यांना ते थांबवताच चेहरा लालबुंद होऊन जळजळतो. थांबवायचं तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

काळे डाग उजळवणारं हायड्रोक्विनोन औषध म्हणून चांगलं, पण मुदतीत. वर्षानुवर्षं लावलं तर निळसर-काळा, न जाणारा डाग पडू शकतो. घटकांची यादी नसलेलं गोरेपणाचं क्रीम घेऊच नका. त्यात पारा सापडू शकतो आणि तो मूत्रपिंडांना इजा करतो. बावचीसारख्या वनस्पतींच्या तेलात सोरालेन असतं, त्याने त्वचा अतिनील किरणांना हळवी होते. सोरालेन कोडावर खरंच वापरतात, पण मोजलेल्या मात्रेत आणि मोजलेल्या किरणांखाली. तेल चोळून उन्हात बसलं की मोठमोठे फोड येतात, आणि भाजलेल्या जागी कोड आणखी पसरू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना आणि नंतर

जाण्याआधी दोन दिवस डागावर काही लावू नका, मेकअप नको. लावून झालेल्या सगळ्या औषधांचे खोके बरोबर न्या. विचारायचे प्रश्न मोजकेच: डागात रंगपेशी उरल्या आहेत का, रोग अजून चालू आहे की फक्त रंग यायचा बाकी आहे, औषध किती आठवडे लावायचं आणि कधी थांबायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या.

कोडात रंग भरून आला तरी उपचार पूर्ण थांबवल्यावर पहिल्या वर्षात सुमारे ४० टक्के वेळा डाग परततो. भरलेल्या जागेवर आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस चालू ठेवल्याने हे प्रमाण बरंच खाली येतं, म्हणून औषध बंद करायच्या वेळी हा विषय स्वतःहून काढा.

रंग यायला लागणाऱ्या महिन्यांत लोकांच्या नजरा नको असतील तर त्वचेच्या छटेशी जुळणारा, पाण्याने न जाणारा कॅमफ्लाज मेकअप बिनधास्त वापरा. त्याने डाग वाढत नाही. फोटोथेरपीच्या दिवशी मात्र तो आधी पूर्ण काढून टाका, नाहीतर किरण त्वचेपर्यंत नीट पोहोचत नाहीत.